तासभर झाकून ठेवायची पेटी

या पुस्तिकेत एकच वस्तू करायला शिकवली आहे. सहलीला बर्फ आणि थंड पेयं न्यायची जी जाड भिंतींची प्लॅस्टिकची पेटी असते, तिचा नळ काढायचा, त्याजागी जरा बरा नळ बसवायचा, आत एक जाळी घालायची, झालं. काम शनिवारच्या एका दुपारचं. घरातला नळ ठिबकायला लागल्यावर प्लंबरची वाट न बघता जो स्वतः वायसर बदलतो, त्याला हे सहज जमेल. मग एवढ्याशा कामाला पुस्तिका कशाला आणि वर ही लांबण कशाला, असं कुणी म्हणेल. माझी बायको तेच म्हणाली. पण गेल्या अकरा वर्षांत मी अशा चार पेट्या केल्या, त्यातल्या दोन वाया घालवल्या, आणि त्या दोन्ही मी नको तेवढं काम केल्यामुळे वाया गेल्या. कुठे हात आवरायचा हे मला उशिरा कळलं. तेवढं सांगायला ही पानं.

इंग्रजीत हिला मॅश टन म्हणतात. 'टन' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उसाची ट्रॉली येते, आणि ते अगदीच चूक नाही. हा टन म्हणजे मोठं पिंप, आणि वजनाचा टन पुढे या पिंपावरूनच आला. मॅश म्हणजे भरडलेलं माल्ट आणि गरम पाणी यांचा लगदा. त्याला मराठी शब्द शोधण्यात मी एक अख्खा हिवाळा घालवला. 'आंबोण' सुचला होता. दिसायला अगदी तसंच, आणि उरलेला चोथा शेवटी गाईगुरांच्याच पोटात जातो. पण बिअरच्या पुस्तकात आंबोण हे ऐकून आमचे सांगलीचे मामा फोनवर जे हसत सुटले, त्यानंतर मी तो नाद सोडला. तेव्हा मॅश हा मॅशच, आणि टनला मी सरळ पेटी म्हटलं आहे. बार्लीला मात्र जव म्हणतो. सातू म्हणालो असतो, पण आपल्या घरांत सातूच्या पिठात गहू आणि डाळं असतं; उगाच घोटाळा नको.

हे लिखाण कुणासाठी, तेही आधीच सांगतो. अमेरिकेत दारूबंदी उठल्यावर घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअरची मिळाली नाही. ती मिळायला १४ ऑक्टोबर १९७८ उजाडावा लागला. जिमी कार्टर यांनी त्या दिवशी सही केलेला कायदा १ फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला, आणि एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर बिअर कराशिवाय करता येऊ लागली. ब्रिटननं परवान्याची अट १९६३ सालीच काढली होती. अमेरिकेतली अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं मात्र २०१३ पर्यंत अडून बसली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्यावाचून घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे पुस्तक जिथे कायद्याची परवानगी आहे तिथे राहणाऱ्या मराठी माणसांसाठी. पुण्या-कोल्हापूरच्या वाचकांनी कुतूहल म्हणून वाचावं, किंवा थोडं पुढे जाऊन नाचणीचा परिच्छेद वाचावा. तो त्यांच्यासाठीही आहे. आणि 'घरी दारू करतो' म्हटल्यावर गावाकडच्या नातेवाइकांना जी हातभट्टी दिसते, तिचा इथे काही संबंध नाही. बिअर गाळत नाहीत, आंबवतात. दारू गाळणं अमेरिकेतही घरी चालत नाही.

आता मूळ गोष्ट. जवाच्या दाण्यात पिष्ट असतं. यीस्टला पिष्ट खाता येत नाही, साखर खाता येते. पिष्टाची साखर करायची हत्यारं दाण्याजवळच असतात, पण ती मोड यायला लागल्यावर तयार होतात, कारण कोंबालाही साखरच हवी असते. म्हणून जव भिजवायचे, मोड आणायचे, आणि कोंब सगळं खाऊन टाकायच्या आत ते वाळवून थांबवायचे. हे झालं माल्ट. ज्यांच्या घरात बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून सत्त्व केलं गेलं आहे, त्यांना यात नवल वाटू नये. आमची आजी मोडाच्या नाचणीची पेज करायची. ती साध्या नाचणीच्या पेजेइतकी कधी घट्ट होत नसे आणि गूळ कमी लागे. आजी म्हणायची, मोडाच्या पिठाला गुण असतो. गुण म्हणजे ॲमिलेज. घट्ट शिजलेल्या भाताच्या किंवा नाचणीच्या खिरीत, ती जरा निवल्यावर, चमचाभर मोडाचं पीठ घालून झाकून ठेवा; थोड्या वेळात खीर पातळ झालेली दिसेल. उकळत्या खिरीत घातलंत तर काही होणार नाही, कारण गुण जळून जाईल. या एका वाक्यात माझी पेटी कशासाठी आहे ते आलं.

१८३३ साली पायेन आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टच्या पाण्यातून हा गुण वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. पुढे ज्याला एन्झाइम म्हणू लागले त्या वर्गातला हा हाती लागलेला पहिला पदार्थ. नंतर कळलं की तो एक नाही. बिअरवाल्याला त्यातले दोन महत्त्वाचे. बीटा ॲमिलेज पिष्टाची साखळी टोकाकडून कुरतडत जातं, यीस्टला आवडणारी साखर भराभर काढतं, पण नाजूक असतं. ६५ अंशांच्या आसपास त्याला बरं वाटतं आणि ७० च्या वर ते लवकरच मान टाकतं. अल्फा ॲमिलेज साखळी मधेच कुठेही तोडतं, आडमुठं असतं आणि ७० अंशांवरही कामाला असतं. जवाचं पिष्ट मऊ होऊन उलगडायलाही साठाच्या पुढची उष्णता लागते. या सगळ्यांना सोयीची अशी चिंचोळी पट्टी उरते: ६५ ते ६९ अंश सेल्सियस. ६५ ला ठेवलंत तर बिअर हलकी आणि कोरडी होते, ६९ ला ठेवलंत तर जाड आणि गोडसर. चार अंशांच्या आत सगळा खेळ, आणि त्या पट्टीत लगदा तासभर राहिला पाहिजे.

तापमापक नव्हता तेव्हा लोक काय करत असतील? इंग्लंडमधले जुने बिअरवाले पाणी उकळून थोडं निवू देत. वाफ ओसरून पाण्यात स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला की माल्ट घालायची वेळ झाली. चेहऱ्यावरून तापमान! लंडनच्या मायकल कॉम्ब्रून यानं १७५८ साली बिअरवर निबंध लिहिला आणि तापमापकाची बाजू मांडली. जर्मनांची वाट वेगळी. ते लगद्याचा एक भाग काढून वेगळ्या भांड्यात उकळायचे आणि परत ओतायचे, की सगळ्याचं तापमान ठरावीक टप्प्यानं चढायचं. तापमापकाशिवाय नेमकेपणा आणायची ती युक्तीच होती, पण दिवस मोडतो. इंग्रजांनी मात्र एकदाच गरम पाणी घालायचं, जाड लाकडी पिंपावर लाकडी झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं अशी पद्धत धरली. आपली प्लॅस्टिकची पेटी हे त्या लाकडी पिंपाचंच नातवंड. मी राहतो त्या विस्कॉन्सिनमध्ये बिअर आणली जर्मनांनी, मिलवॉकीची ख्याती झाली ती त्यांच्यामुळे. आणि त्याच राज्यात घरोघरच्या गॅरेजमध्ये शनिवारी दुपारी चालते ती इंग्रजांची रीत. जर्मन आडनावाच्या माझ्या शेजाऱ्याला मी हे एकदा ऐकवलं. त्याला आवडलं नाही.

गॅरेजमध्ये ही पेटी आली कशी, त्याचा इतिहास फार जुना नाही. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पपाझियन हा अणुअभियांत्रिकी शिकलेला गृहस्थ लोकांना घरी बिअर करायला शिकवत असे. १९७८ साली त्यानं तिथे घरगुती बिअरवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि १९८४ च्या त्याच्या पुस्तकानं हा छंद देशभर पोचवला. त्याच्या पुस्तकात गाळायचं भांडं होतं ते एका बादलीत दुसरी बादली, आतलीच्या बुडाला शेकडो भोकं. गाळायला उत्तम, पण ऊब धरायला बादली काय कामाची! ऊब धरणारी पेटी लोकांच्या घरात आधीच पडलेली होती, फुटबॉलच्या सामन्याला बर्फ न्यायची. जॉन पामर यांचं पुस्तक २००० साली इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचायला मिळालं. त्यात आडव्या खाचा पाडलेल्या तांब्याच्या नळ्यांची चौकट पेटीच्या तळाशी ठेवायची कृती होती. मग ओरेगॉनच्या डेनी कॉन यांनी तांबंही नको म्हणून सांगितलं आणि धुलाईयंत्राच्या पाण्याच्या नळीवरचं पोलादी विणीचं आवरण काढून तेच जाळी म्हणून वापरायचा मार्ग रूढ केला. प्रत्येक पिढीनं एकेक वस्तू वगळली, हे मला या इतिहासात फार आवडतं.

बर्फाची पेटी गरम लगद्याला कशी चालेल, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. पेटीच्या दोन पातळ भिंतींमध्ये फोम असतो, फोमच्या बुडबुड्यांत अडकलेला वायू. तो उष्णतेला अडवतो. ती बाहेरून आत चालली आहे की आतून बाहेर, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. माझी ४५ लिटरची चौकोनी पेटी तळघरात तासाभरात जेमतेम एक अंश गमावते. तीच जानेवारीत गॅरेजमध्ये, बाहेर उणे १८ असताना, तीन अंश गमावते. कारण पेटीत नाही, झाकणात आहे. स्वस्त पेट्यांच्या झाकणात फोम नसतोच. नुसता पोकळ डबा असतो. ऊब वर चढते आणि तिथूनच निसटते. त्यावर जुनी गोधडी टाकली की भागतं. थंडीत विरजणाचं भांडं टॉवेलात गुंडाळून कणगीशेजारी ठेवणाऱ्यांना हे कुणी शिकवायला नको.

मला मात्र गोधडीनं समाधान झालं नाही. मी झाकणाला भोकं पाडली आणि त्यातून खिडक्यांच्या फटी बुजवायचा फसफसणारा फोम आत सोडला. डब्यावर लिहिलं होतं की थोडा घाला. मी डबा रिकामा केला. दहा मिनिटं काही झालं नाही, मग झाकण पुरीसारखं टम्म फुगलं आणि पेटीवर बसेना. फोम नंतर दगडासारखा कडक होतो, त्यामुळे इलाजही नाही. ही वाया गेलेली पहिली पेटी.

दुसरी गेली ती नळामुळे. मूळ नळासाठी कारखान्यानं पाडलेलं भोक असतं, त्यातूनच नवा नळ न्यायचा. मला ते भोक तळापासून बोटभर वर वाटलं, तेवढा रस खाली राहील म्हणून मी त्याच्या खाली नवं भोक पाडलं. कारखान्याच्या भोकात आतली आणि बाहेरची भिंत जोडणारी नळी असते. माझ्या भोकात नव्हती. वायसर आतून घट्ट बसलं होतं, बाहेर एक थेंब गळत नव्हता, मी खूश. चौथ्या खेपेला पेटी रिकामी असूनही उचलताना जड लागली. कान लावून हलवली तर आत पाणी डुचमळलं. गरम गोड रस भिंतींच्या मध्ये झिरपून फोममध्ये भिनला होता, आणि फोम ओला झाला की त्याची ऊब धरायची शक्ती गेली. वास कसला येत होता ते लिहीत नाही. बोटभर राहणारा रस वाचवायला गेलो होतो. पेटी थोडी तिरकी केली असती तर तो आला असता.

आता जी पेटी आहे तिचं काम एवढंच. जुना नळ पान्ह्यानं सोडवला. अर्ध्या इंची पोलादी निपल भोकातून घातलं, आतून आणि बाहेरून रबरी वायसर, बाहेर बॉल व्हॉल्व्ह. आट्यांवर टेफ्लॉन टेप, आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळलेली; उलटी गुंडाळली तर घट्ट करताना तीच सुटून येते. नट हातानं आवळायचा आणि पान्ह्यानं फक्त पाव फेरा, जास्त नाही, प्लॅस्टिक आहे ते. जाळीसाठी धुलाईयंत्राची विणीची नळी घेतली, हॅकसॉनं दोन्ही टोकं उडवली. आतली रबरी नळी ओढून निघत नाही, हे पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाला छळतं. ओढलं की वीण आणखी आवळते. उलट करायचं: वीण दोन्ही हातांनी मधल्या बाजूला ढकलायची, ती फुगते, सैल होते, आणि रबरी नळी अभ्र्यातून उशीसारखी सुटी होते. मग विणीचं एक टोक दुमडून क्लिपनं बंद, दुसरं निपलवर क्लिपनं पक्कं. वीण खरी पोलादाची आहे ना एवढं लोहचुंबकावर न जाता आवेष्टन वाचून बघावं. बाजारात प्लॅस्टिकच्या धाग्यावर चंदेरी मुलामा दिलेल्याही मिळतात, त्या गरम लगद्यात मऊ पडून चपट्या होतात.

ही जाळी फार बारीक नसते आणि असायची गरजही नाही. मला हे समजायला एक आख्खा शनिवार खर्ची पडला. गाळण्याचं काम जाळी करत नाही, माल्टची टरफलं करतात. भरडताना दाणा फुटावा पण टरफल अखंड राहावं. ती टरफलं तळाशी थरावर थर बसतात आणि त्यांच्यातून रस निथळतो. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते हलक्या हातानं परत वरून ओतायचे. थर बसला की रस कडक चहासारखा स्वच्छ यायला लागतो. माझ्याकडे तेव्हा रुळांची चक्की नव्हती, पुण्याहून आणलेला मिक्सर होता. पाच किलो माल्ट मी घाण्याघाण्यानं त्यात फिरवलं आणि त्याचं छान पीठ केलं. पंधरा लिटर गरम पाण्यात ते घातल्यावर पेटीत पिठलं झालं. नळ उघडला, एक थेंब नाही. नळीतून उलटी फुंकर मारली, तोंड भाजलं. शेवटी बायकोच्या पुरणयंत्रातून आणि पंचातून रात्री अकरापर्यंत ते गाळत बसलो. पुरणयंत्र तिनं परत घेतलं नाही. अमेरिकेतले बिअरवाले अशा वेळी लगद्यात मूठ-दोन मूठ भाताचं तूस मिसळतात, निथळायला वाट मिळावी म्हणून. इथल्या दुकानात तूस पाकिटातून विकत घ्यावं लागतं, हे ऐकून मामा पुन्हा हसले.

थोडा हिशेब द्यायला हवा, कारण पेटीला चूल नाही. एकदा झाकण लावलं की तापमान वाढवता येत नाही, म्हणजे पाणी किती गरम घालायचं हे आधीच ठरवावं लागतं. माल्टला तापायला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे दोन पंचमांश उष्णता पुरते. किलोला तीन लिटर पाणी धरलं, माल्ट घरातल्या २० अंशांवर असलं आणि लगदा ६७ ला हवा असला, तर पाणी साडेत्र्याहत्तरच्या आसपास लागतं. तेच माल्ट गॅरेजमधून ५ अंशांवर आणलं तर साडेपंचाहत्तर. हा दोन अंशांचा फरक म्हणजे चिंचोळ्या पट्टीचा निम्मा भाग. शिवाय पेटी स्वतः थोडी ऊब गिळते, म्हणून आधी किटलीभर गरम पाण्यानं ती विसळून तापवायची, आपण टीपॉट तापवतो तशी. उकळतं पाणी मात्र कधी ओतू नये. स्वस्त पेटीचं अस्तर त्यानं फुगून सुरकुततं.

आणि मग तो तास. झाकण उघडून बघायचा मोह होतो. दर वेळी उघडलं की वाफेबरोबर ऊब जाते. पुलाव दमावर असताना कुणी झाकण काढलं की आई जशी डोळे वटारायची, तशी मी आता स्वतःकडेच बघतो. तास झाल्यावर पांढऱ्या बशीत रसाचा एक थेंब घेऊन त्यावर आयोडिनचा थेंब सोडावा. निळाकाळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे, अजून वीस मिनिटं द्या. आयोडिन आपल्या तपकिरी रंगातच राहिलं तर काम फत्ते. दुपारी पेटीत भरलं तेव्हा ओल्या पिठाची चव होती, आणि आता मधासारखा गोड रस नळातून येतो. मधल्या वेळात आपण भांडी घासली, एवढंच.

पंधरा लिटर पाण्यातलं पाचेक लिटर चोथा पिऊन टाकतो, दहा येतं. मग सोळा-सतरा लिटर गरम पाणी ओतून, ढवळून, दुसऱ्यांदा निथळायचं. सत्तावीस लिटर जमतं, तासभर उकळून बावीस-तेवीस उरतं. उकळणं, हॉप्स, यीस्ट, आंबवणं, बाटल्या भरणं, हे सगळं या पुस्तिकेच्या बाहेरचं आहे. त्यावर इंग्रजीत चांगली पुस्तकं आहेत आणि मला ती मराठीत आणायची हौस नाही. चोथ्याच्या थालीपिठाची कृती मात्र शेवटी दिली आहे. टरफलं दातांत अडकतात, आधीच सांगून ठेवतो.

मंडळाच्या गणपतीला गेल्या वर्षी मसालेभात दोन तास आधी करून हॉलवर न्यायचा होता आणि तिथे गॅस पेटवायला परवानगी नव्हती. मी जाळी काढून पेटी घासूनपुसून दिली. आत दोन पातेली बसली, वर गोधडी. आरती, भाषणं, लहान मुलांचे नाच, सगळं होऊन पानं वाढायला घेतली तेव्हा साडेतीन तास झाले होते आणि झाकण काढल्यावर भाताची वाफ काकूंच्या चष्म्यावर चढली. काकूंनी पेटी कुठली म्हणून विचारलं, बाजूचा नळ कशाला म्हणूनही विचारलं. म्हटलं, धुतल्यावर पाणी काढायला.